सी भाषेतील पूर्णांक-प्रकारांचे मुद्रण व वाचन

संगणकाच्या स्मृतीत द्विमान रूपात साठविलेली पूर्णांक संख्या माणसाला वाचता येईल अशा दशमान अंकांत लिहून दाखविणे, यास मुद्रण म्हणतात. याउलट माणसाने लिहिलेले अंक एकेक करून घेऊन त्यांपासून स्मृतीत साठविण्याजोगी संख्या तयार करणे, यास वाचन म्हणतात. सी या संगणक-भाषेत ही कामे प्रामुख्याने अनुक्रमे प्रिंटएफ व स्कॅनएफ या फलनांच्या साहाय्याने होतात. एकच आज्ञावली निरनिराळ्या शब्दलांबीच्या यंत्रांवर नेली असता तिने सर्वत्र तीच संख्या दाखवावी व तीच संख्या वाचावी, या गुणास सुवाह्यता ही संज्ञा आहे. परिचालन प्रणालीने ठरविलेल्या पूर्णांक-प्रकारांच्या बाबतीत (उदा., फाइलीची लांबी, कालमापन, प्रक्रियेचा क्रमांक इ.) ही सुवाह्यता साधण्यास सुमारे तीन दशके लागली. त्या प्रयत्नांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. सी भाषेतील नावे मुळात रोमन लिपीत लिहितात. येथे ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

शब्दलांबी व संख्येची मर्यादा : संगणक एका वेळी जितके द्विमान अंक एकत्र हाताळतो त्या समूहास शब्द म्हणतात. सोळा द्विमान अंकांच्या शब्दात ० ते ६५,५३५ किंवा, ऋण संख्याही हव्या असल्यास, −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात. बत्तीस अंकांच्या शब्दात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत, अथवा ऋण चिन्हाची सोय ठेवल्यास २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या संख्या बसतात. चौसष्ट अंकांच्या शब्दाची मर्यादा १९ अंकी संख्येपर्यंत जाते. मर्यादेबाहेरची संख्या साठविल्यास बहुधा तिचे वरचे अंक गळून पडतात व खालचे तेवढे उरतात. उरलेली संख्या खरी नसते; परंतु ती खोटी आहे हे तिच्याकडे पाहून कळतेच असे नाही.

कोणत्या राशीस किती लांबीचा शब्द लागेल हे तिच्या एककावरही अवलंबून असते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून ही संख्या सोळा अंकी शब्दात सहज मावते. तेच क्षेत्र हेक्टरमध्ये मांडले, तर १४,४१,२०० ही संख्या येते व तिला बत्तीस अंकी शब्द लागतो. चौरस मीटरमध्ये मांडल्यास १४,४१,२०,००,००० ही संख्या बत्तीस अंकी शब्दातही मावत नाही. ती तशा शब्दात कोंबली, तर १,५२,७०,९८,११२ एवढीच उरते, म्हणजे सु. १,५२७ चौ. किमी. चे, जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहून थोडे अधिक असे, क्षेत्र कागदावर येते. ही संख्या धन आहे व एखाद्या तालुक्याचे क्षेत्रफळ म्हणून कोणासही खटकणार नाही. वन हक्क कायदा (२००६) अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. अशा हक्काच्या नोंदी संगणकावर ठेवताना हेक्टर व चौरस मीटर यांतील फरक केवळ एककाचा राहत नाही; संख्या साठविण्याच्या व छापण्याच्या प्रकाराचाही होतो.

प्रारंभीची यंत्रे व भाषा : आरंभीच्या संगणकांच्या शब्दलांबीत एकवाक्यता नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाचा शब्द चाळीस द्विमान अंकांचा होता. त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राचा शब्द अठ्ठेचाळीस अंकांचा होता. एकाच संस्थेतील या दोन यंत्रांत एका संख्येस दिलेली जागाच भिन्न होती. तथापि त्या काळी आज्ञावली एका विशिष्ट यंत्रासाठी लिहिली जाई व यंत्र बदलले की बव्हंशी नव्याने लिहिली जाई. त्यामुळे सुवाह्यतेचा प्रश्न तितक्या तीव्रतेने पुढे आला नाही.

केंब्रिज येथील मार्टिन रिचर्ड्‌स यांनी १९६७ मध्ये रचलेली बीसीपीएल व तिच्यावरून बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन यांनी १९६९–७० च्या सुमारास तयार केलेली बी, या दोन्ही भाषांत प्रकार ही कल्पनाच नव्हती. प्रत्येक चल म्हणजे यंत्राचा एक शब्द आणि त्याचा अर्थ वापरणाऱ्याने लावायचा, असा संकेत होता. बी भाषेतही प्रिंटएफ हे फलन होते. पहिल्या प्रचलात मजकूर व त्यात टक्केवारीच्या चिन्हाने दर्शविलेली निर्देशक अक्षरे असत आणि त्या अक्षरांनुसार पुढील प्रचले छापली जात. प्रत्येक प्रचल एका शब्दाचेच असल्याने निर्देशकाला लांबी सांगण्याची गरज नव्हती. ज्या सोयीस्कर रचनेतून पुढील सर्व अडचणी उद्‌भवल्या, ती रचना मुळात या प्रकारविरहित भाषेतील आहे.

बेल प्रयोगशाळेत १९७० मध्ये पीडीपी-११ हे सोळा अंकी शब्दाचे, परंतु आठ अंकी बाइट वेगळा हाताळू शकणारे यंत्र आले. त्यावर डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात बी भाषेत प्रकारांची भर घालून सी भाषा सिद्ध केली. अक्षरासाठी कॅर व पूर्णांकासाठी इंट हे तिचे मूळ प्रकार होत. १९७३ मध्ये युनिक्स या परिचालन प्रणालीचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. लाँग व अनसाइन्ड हे प्रकार त्यानंतरच्या काळात भाषेत आले.

लाँग हा प्रकार नसताना मोठ्या संख्यांची गैरसोय होत असे. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत वेळ ही १ जानेवारी १९७१ पासून गेलेल्या सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजून बत्तीस द्विमान अंकांत ठेवीत. हा साठा सु. ८२९ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोड्या अधिक काळात, संपणारा होता. पुढे एकक सेकंद व आरंभ १ जानेवारी १९७० असा ठरला. ही बत्तीस अंकी राशी सोळा अंकी दोन इंटच्या जोडीत ठेवावी लागे. टाइम हे फलन आजही एक दर्शक प्रचल म्हणून घेते, हा त्या जोडीचाच अवशेष होय. फाइलीतील स्थान बदलण्याच्या सीक या फलनास सोळा अंकी संख्याच देता येई. लाँग आल्यानंतर त्याची जागा एलसीक या फलनाने घेतली व त्यातील पहिले अक्षर लाँगचे द्योतक आहे.

मुद्रणाची कार्यपद्धती व तीतील दोष : प्रिंटएफ या फलनास किती व कोणत्या प्रकारची प्रचले येणार, हे आधी ठरलेले नसते. हाक मारणारी आज्ञावली प्रचले एकापुढे एक ठेवते आणि प्रिंटएफ स्वरूप-सूत्रातील निर्देशक वाचून त्यांनुसार ती उचलते. ‘%डी’ दिसल्यास एक इंट उचलायचा, ‘%एलडी’ दिसल्यास एक लाँग उचलायचा, एवढेच ते जाणते. प्रत्यक्षात काय ठेवले आहे, हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. निर्देशक व प्रचल यांत विसंगती असेल, तर होणारे वर्तन भाषेच्या मानकानुसार अनिर्धारित ठरते.

विसंगतीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून जिल्ह्यात १२ तालुके आहेत. सोळा अंकी इंट असलेल्या यंत्रावर लोकसंख्या लाँगमध्ये व तालुक्यांची संख्या इंटमध्ये ठेवली आणि छापताना दोन्हींसाठी ‘%डी’ हाच निर्देशक दिला, असे समजू. बत्तीस अंकी लोकसंख्येचे दोन सोळा अंकी भाग पडतात : वरचा १६ व खालचा २४,३६६ (१६ × ६५,५३६ + २४,३६६ = १०,७२,९४२). इंटेल ८०८६ सारख्या, खालचा भाग आधी ठेवणाऱ्या यंत्रावर पहिला निर्देशक २४,३६६ हा भाग उचलतो व दुसरा १६ उचलतो. परिणामी लोकसंख्या २४,३६६ व तालुके १६ असे छापले जाते; १२ ही संख्या वाचलीच जात नाही. पीडीपी-११ वर लाँगचा वरचा भाग आधी ठेवला जात असल्याने तीच आज्ञावली लोकसंख्या १६ व तालुके २४,३६६ असे छापील. चंद्रपूर जिल्ह्याच्या २२,०४,३०७ या लोकसंख्येस हीच आज्ञावली ८०८६ वर लावल्यास लोकसंख्या −२३,९१७ व तालुके ३३ असे उत्तर मिळते.

या तीन चुकांपैकी ऋण लोकसंख्या किंवा सोळा माणसांचा जिल्हा कोणाच्याही नजरेस येईल. गडचिरोलीचा २४,३६६ हा आकडा मात्र विरळ वस्तीच्या वनप्रदेशाचा म्हणून सहज खपून जाण्याजोगा आहे. आज्ञावली मध्येच थांबत नाही, सूचना देत नाही व कागद नीटनेटका छापून येतो. अशा आकड्यांवरून पुढे शाळा, दवाखाने वा धान्य यांची तरतूद ठरत असेल, तर मुद्रणातील एका अक्षराची उणीव लोकांच्या वाट्यास आलेल्या वस्तूंत उतरते.

प्रणाली-प्रकारांचा उदय : युनिक्स प्रणाली पीडीपी-११ हून भिन्न यंत्रांवर नेण्याचे प्रयत्न १९७७ च्या सुमारास झाले. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा ८/३२ या बत्तीस अंकी यंत्रावर नेली. ऑस्ट्रेलियातील वॉलाँगाँग विद्यापीठात याच कुलातील ७/३२ या यंत्रावर तसेच काम झाले. जुन्या आज्ञावल्यांत इंट व दर्शक, तसेच इंट व लाँग यांची सर्रास सरमिसळ झालेली आढळली. ती शोधण्यासाठी जॉन्सन यांनी लिंट ही तपासनीस आज्ञावली रचली. दुसरा उपाय नावांचा होता. प्रणालीतील प्रत्येक राशीस तिच्या उपयोगावरून स्वतंत्र नाव द्यावे व ते नाव प्रत्यक्षात कोणता मूळ प्रकार आहे, हे प्रत्येक यंत्राच्या शीर्ष-फाइलीत एकदाच सांगावे, असे ठरले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत काळासाठी टाइम_टी, फाइलीतील स्थानासाठी ऑफ_टी, उपकरणासाठी डेव्ह_टी, फाइलीच्या क्रमांकासाठी आयनो_टी अशी नावे आढळतात. १९८८ च्या व त्यानंतरच्या पॉझिक्स मानकांत पीआयडी_टी, यूआयडी_टी, मोड_टी इ. प्रकारांची भर पडली.

या योजनेने साठवणीचा प्रश्न सुटला. मुद्रणाचा मात्र अधिक बिकट झाला. ऑफ_टी हे नाव वापरणाऱ्या आज्ञावलीकाराला त्यामागे इंट आहे की लाँग, हे ठाऊक नसावे, हाच त्या नावाचा हेतू होता. परंतु प्रिंटएफला नेमके तेच सांगावे लागते. चल घोषित करताना लपविलेली माहिती छापताना उघड करावी लागावी, हा या विषयातील मूळ पेच होय.

मानकीकरण : ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांचा सी भाषेवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला व दीर्घकाळ तोच भाषेचे प्रमाण मानला गेला. अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने १९८३ मध्ये नेमलेल्या समितीचे मानक १९८९ मध्ये संमत झाले व १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. या मानकाने वस्तूच्या आकारासाठी साइझ_टी व दोन दर्शकांतील अंतरासाठी पीटीआरडिफ_टी हे प्रकार दिले. मात्र ते छापण्यासाठी निर्देशक दिले नाहीत. त्या काळी लाँग हाच सर्वांत मोठा पूर्णांक-प्रकार असल्याने अज्ञात प्रकारची संख्या लाँगमध्ये, व ऋण नसणारी संख्या अनसाइन्ड लाँगमध्ये, रूपांतरित करून ‘%एलडी’ किंवा ‘%एलयू’ ने छापावी, असा प्रघात पडला. प्रकाराची लांबी कोणतीही असो, छापण्यापूर्वी तिला ज्ञात व पुरेशा मोठ्या प्रकारात आणावे, हे तत्त्व येथून रूढ झाले.

चौसष्ट अंकी यंत्रांनी या प्रघातास धक्का दिला. डीईसी कंपनीच्या १९९२ मधील अल्फा या प्रक्रमकावरील युनिक्समध्ये लाँग व दर्शक चौसष्ट अंकी, तर इंट बत्तीस अंकी ठेवण्यात आला. युनिक्स-कुलातील बहुतेक प्रणालींनी हीच पद्धत स्वीकारली. विंडोजच्या चौसष्ट अंकी आवृत्तीत मात्र लाँग बत्तीस अंकीच राहिला व केवळ दर्शक चौसष्ट अंकी झाले. त्यामुळे साइझ_टी लाँगमध्ये रूपांतरित करून छापणारी आज्ञावली एका प्रणालीवर बरोबर व दुसरीवर चूक ठरू लागली. बत्तीस अंकी यंत्रांवरही २,१४,७४,८३,६४७ बाइटांहून मोठ्या फाइलींची गरज भासू लागल्याने १९९० नंतरच्या दशकात ऑफ_टी चौसष्ट अंकी करण्याची सोय आली. काही प्रणालींत संकलकास दिलेल्या एका पर्यायावरून ऑफ_टी ची लांबी ठरते; म्हणजे एकाच यंत्रावर, एकाच मजकुरातील एकाच नावाचा प्रकार दोन लांबींचा असू शकतो.

१९९९ चे मानक : सी भाषेच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने या प्रश्नास पद्धतशीर उत्तर दिले. किमान चौसष्ट अंकी लाँग लाँग हा प्रकार त्यात आला. त्याखेरीज प्रणालीतील कोणताही सचिन्ह पूर्णांक ज्यात मावेल असा इंटमॅक्स_टी व अचिन्ह पूर्णांकासाठी यूइंटमॅक्स_टी हे दोन प्रकार निश्चित झाले. त्यांच्यासाठी ‘जे’, साइझ_टी साठी ‘झेड’ व पीटीआरडिफ_टी साठी ‘टी’ हे लांबी-दर्शक ठरले. यांमुळे साइझ_टी थेट ‘%झेडयू’ ने छापता येतो. ऑफ_टी, पीआयडी_टी इ. प्रकारांसाठी स्वतंत्र निर्देशक नाही. ते इंटमॅक्स_टी मध्ये रूपांतरित करून ‘%जेडी’ ने छापतात. प्रकार अचिन्ह असल्यास यूइंटमॅक्स_टी व ‘%जेयू’ यांचा उपयोग करतात. प्रकार सचिन्ह की अचिन्ह हे माहीत नसल्यास −१ ही संख्या त्या प्रकारात रूपांतरित करून ती शून्याहून मोठी होते काय, हे पाहतात. मोठी झाल्यास तो प्रकार अचिन्ह असतो.

निश्चित लांबीच्या प्रकारांसाठी त्याच मानकाने निर्देशकांची नावे शीर्ष-फाइलीत दिली. उदा., चौसष्ट अंकी सचिन्ह संख्येसाठी पीआरआय-डी-६४ हे नाव त्या त्या प्रणालीवर योग्य अक्षरांची माला बनते व शेजारच्या मालेस जोडले जाते. या पद्धतीने रूपांतर टळते, पण स्वरूप-सूत्राचे तुकडे पडून ते वाचण्यास क्लिष्ट होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकाने ‘डब्ल्यू’ या अक्षरापुढे लांबी लिहून (उदा., ‘%डब्ल्यू६४डी’) हेच काम एका मालेत साधले आहे. ही सुधारणा सर्वत्र एकदम पोहोचली नाही. मायक्रोसॉफ्टच्या फलनसंग्रहात ‘झेड’ व ‘जे’ हे दर्शक २०१५ मध्ये आले. आधुनिक संकलक स्वरूप-सूत्र व प्रचले यांची तुलना करून विसंगतीची सूचना देतात. तथापि संकलक ज्या यंत्रासाठी काम करीत असतो त्यापुरतीच ही तपासणी असते. दुसऱ्या यंत्रावर प्रकट होणारी विसंगती तीतून निसटू शकते.

वाचनातील विशेष अडचणी : स्कॅनएफ या फलनास संख्या नव्हे, तर ती जेथे ठेवावयाची त्या जागेचा पत्ता द्यावा लागतो. त्यामुळे येथील विसंगती अधिक घातक ठरते. दोन बाइटांच्या शॉर्ट चलाचा पत्ता ‘%डी’ ला दिल्यास चार बाइटांच्या इंटचे यंत्र शेजारच्या दोन बाइटांवरही लिहिते व तेथील भलतीच संख्या नष्ट होते. सोळा अंकी यंत्रावर शॉर्ट व इंट समान असल्याने तीच आज्ञावली निर्दोष चाललेली असते. शिवाय मुद्रणात जसे प्रचलाचे रूपांतर करता येते, तसे पत्त्याच्या बाबतीत करून चालत नाही. पत्त्याचा प्रकार बदलला, तरी तेथील जागा वाढत नाही.

म्हणून प्रणाली-प्रकाराची संख्या वाचताना ती प्रथम इंटमॅक्स_टी प्रकारच्या तात्पुरत्या चलात घेतात, मग ती अपेक्षित मर्यादेत आहे काय हे पाहतात आणि त्यानंतरच मूळ चलात ठेवतात. मूळ चलात ठेवलेली संख्या पुन्हा इंटमॅक्स_टी मध्ये आणून ती पहिलीशी जुळते काय हे पाहिल्यास गळती उघड होते. मात्र लिहिलेली संख्या इंटमॅक्स_टी मध्येही मावत नसल्यास स्कॅनएफचे वर्तन अनिर्धारित असते. याकरिता सचिन्ह संख्येसाठी स्ट्रटोआयमॅक्स व अचिन्ह संख्येसाठी स्ट्रटोयूमॅक्स ही फलने अधिक भरवशाची मानतात, कारण मर्यादेचा भंग ती स्वतंत्रपणे कळवितात व अंक जेथे संपले ते स्थानही सांगतात. अचिन्ह संख्या वाचणारी फलने ऋण चिन्ह नाकारीत नाहीत. बत्तीस अंकी यंत्रावर ‘−१’ चे वाचन ४,२९,४९,६७,२९५ असे होऊ शकते. ‘%आय’ हा निर्देशक आरंभीच्या शून्यावरून संख्या अष्टमान समजतो. नोंदवहीतील ०१२ हा क्रमांक तो १० असा वाचतो व ०८ पैकी ० घेऊन ८ जवळ थांबतो. दप्तरातील क्रमांकांना आरंभी शून्ये जोडण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र असल्याने ‘%डी’ व ‘%आय’ यांतील हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

भारतीय अंकगट व लिपी : भारतात मोठ्या संख्या हजार, लाख, कोटी या क्रमाने मांडतात, उजवीकडील पहिला गट तीन अंकांचा व पुढील गट दोन-दोन अंकांचे असतात. सी भाषेच्या १९८९ च्या मानकातील स्थानिक संकेतांच्या योजनेत गटांच्या लांबींची यादी देता येते व यादीतील शेवटची लांबी पुढे पुन्हापुन्हा लागू होते. त्यामुळे ‘तीन, नंतर दोन’ एवढ्या नोंदीने लाख-कोटीची मांडणी व्यक्त होते. पॉझिक्समध्ये स्वरूप-सूत्रात अवतरणचिन्ह घातल्यास प्रिंटएफ असे गट पाडून छापते. मराठीत शब्दक्रम इंग्रजीहून निराळा असल्याने भाषांतरित संदेशात प्रचलांचा क्रम बदलावा लागतो. याकरिता पॉझिक्सने निर्देशकात प्रचलाचा क्रमांक लिहिण्याची सोय दिली आहे. तीत दुसरे प्रचल पहिल्याआधी उचलावयाचे असले, तरी पहिल्याची लांबी माहीत असावी लागते. म्हणून प्रकार अचूक सांगण्याची जबाबदारी येथे वाढते.

प्रिंटएफचे अंक मुळात ० ते ९ या रोमन वर्णसंचातील दहा चिन्हांचेच असतात. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थाने असून यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात प्रत्येकास तीन बाइट लागतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेच्या मसराम लिपीस २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीस २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन्हींचे स्वतःचे दहा अंक असून त्यांना प्रत्येकी चार बाइट लागतात. हे अंक स्कॅनएफ सामान्यतः ओळखत नाही. ते प्रथम रूढ अंकांत बदलून घ्यावे लागतात. ग्नू फलनसंग्रहात स्थानिक अंक वापरण्याचा एक जादा निर्देश आहे. परंतु तो मानकाचा भाग नसल्याने सुवाह्य नाही.

कालमापनाची मर्यादा : प्रणाली-प्रकारांपैकी टाइम_टी चा प्रश्न सर्वांत व्यापक आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. भारतीय प्रमाण वेळेनुसार त्या दिवसाचा आरंभ युनिक्स कालगणनेत ३९,९१,४८,२०० या संख्येने दर्शविला जातो. ही गणना बत्तीस अंकी सचिन्ह शब्दात ठेवल्यास ती भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वा. ४४ मि. ७ से. या क्षणी संपते व पुढील सेकंदास १४ डिसेंबर १९०१ ची पहाट दिसू लागते. त्याहून जुन्या तारखा अशा शब्दात मुळीच मांडता येत नाहीत. जमाबंदीच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदींना ही मर्यादा आजच बाधक आहे.

सी भाषेच्या मानकाने टाइम_टी ची लांबी ठरविलेली नाही. पॉझिक्सने २००८ मध्ये तो पूर्णांक असावा व २०२४ मध्ये तो किमान चौसष्ट अंकी असावा, असे निश्चित केले. लिनक्सच्या गाभ्यात बत्तीस अंकी यंत्रांसाठी चौसष्ट अंकी वेळेची सोय २०२० मध्ये व ग्नू फलनसंग्रहात २०२१ मध्ये पूर्ण झाली. तथापि टाइम_टी चौसष्ट अंकी झाला, तरी तो ‘%डी’ ने छापणाऱ्या अथवा बत्तीस अंकी लाँगमध्ये रूपांतरित करून ‘%एलडी’ ने छापणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांत मर्यादा तशीच राहते. साठवण रुंद करूनही मुद्रण अरुंद राहिल्यास कागदावर येणारी तारीख चुकीचीच असते.

संख्येची लांबी गृहीत धरल्याने होणारी हानी सी भाषेपुरती मर्यादित नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण अयशस्वी झाले. त्याची आज्ञावली एडा भाषेत होती व चौसष्ट अंकी दशांश संख्येचे सोळा अंकी पूर्णांकात केलेले रूपांतर मर्यादेबाहेर गेले होते. तो अपघात साऱ्या जगाने पाहिला. तक्त्यात छापलेली चुकीची लोकसंख्या किंवा क्षेत्रफळ यांचा असा गाजावाजा होत नाही व ती पुढील तक्त्यांत उतरत राहते. यामुळे प्रणाली-प्रकाराची संख्या छापताना ती सर्वांत मोठ्या ज्ञात प्रकारात आणणे आणि वाचताना मर्यादा तपासून मगच स्वीकारणे, हे दोन नियम सुवाह्य आज्ञावलीचे आवश्यक अंग मानले जातात.